चुलीमागची पिशवी

गुरुवारी सकाळी कॉफीचं भांडं विसळताना मला स्वयंपाकघराच्या खिडकीवर एक माशी दिसली. बाहेर बर्फ खिडकीच्या अर्ध्यापर्यंत चढलेलं, काचेच्या कोपऱ्यात आतूनसुद्धा हिम धरलेलं, आणि ही बया काचेवर मजेत हिंडत होती. आमच्याकडे फेब्रुवारीत माश्या नसतात. असलीच तर भिंतीच्या फटीतून निघालेली एखादी अर्धमेली घरमाशी. ही तशी नव्हती. हिच्या पंखांवर तपकिरी नक्षी होती आणि ती उडत नव्हती, कडेकडेने चालत होती. चर्चला उशिरा आलेली बाई बाकांमधून सरकते तशी.

मी तिला ओळखलं आणि माझे हात साबणाच्या पाण्यात तसेच राहिले.

ही गोल्डनरॉडच्या गाठीतली माशी. दर वर्षी पानगळीत माझा नवरा ताउनो जुन्या रेल्वेमार्गाच्या कडेच्या माळावर जातो आणि गोल्डनरॉड या पिवळ्या रानफुलाच्या वाळक्या काड्यांवरच्या गाठी कापून आणतो. आवळ्याएवढी गाठ, तिच्या पोटात साबुदाण्याएवढी पांढरी अळी. गोठते पण मरत नाही. तळ्यावर बर्फाला भोक पाडून ती गळाला लावली की पर्च आणि ब्लूगिल मासे तिच्यावर तुटून पडतात. दुकानातून डबीतल्या अळ्या विकत आणणारा माणूस ताउनोच्या लेखी मासेमारच नाही, गिऱ्हाईक आहे. नियम एकच. गाठींची पिशवी घरात आणायची नाही. ऊब लागली की अळीला वाटतं वसंत आला, आणि तिची माशी होते. म्हणून पिशवी कायम सौनाच्या, म्हणजे वाफेच्या न्हाणीच्या, बाहेरच्या थंड खोलीत, दाराशेजारच्या खिळ्याला.

हा नियम आमच्या घरात बायबलच्या खालोखाल पाळला जातो. आमचा ग्लेन शाळेत असताना त्याने एकदा मूठभर गाठी चोरून पलंगाखाली ठेवल्या होत्या. त्याची खोली माश्यांनी भरली. तेव्हापासून ताउनो त्याला ‘माश्या पाळणारा’ म्हणतो. ग्लेनच्या लग्नात भाषण करतानासुद्धा म्हणाला. सूनबाईच्या माहेरच्यांना वाटलं हा मधमाश्यांचा काही धंदा असावा.

मी हात पुसले आणि शोधायला लागले. फार शोधावं लागलं नाही. स्वयंपाकघरातल्या लाकडाच्या चुलीमागे ढलप्यांची टोपली असते, तिच्या आड ताउनोची गोणपाटाची पिशवी उभी होती. चांगली ऊबदार जागा. पिशवीच्या तोंडाशी आणखी दोन माश्या बसल्या होत्या.

मला आधी राग आला. मला आधी रागच येतो, तो माझा स्वभाव आहे. मग मनात आलं, पिशवी तिथे दुसरं कोण ठेवणार? घरात आम्ही दोघंच. आणि ताउनोने पिशवी चुलीमागे ठेवणं म्हणजे भटजीने देवाला चपलेनं ओवाळणं.

एरवी मी हसून सोडून दिलं असतं. पण शनिवारी ग्लेन यायचा होता. पानगळीच्या सुरुवातीला ताउनो खताच्या दुकानात गेला आणि ट्रक दारात चालू ठेवून पायी घरी आला. विचारलं तर म्हणाला, आज हवा छान आहे. ग्लेन तेव्हा ग्रीन बेहून गाडी हाणत आला आणि मला बाजूला घेऊन म्हणाला, “आई, अजून एक असलं काही झालं तर मी ट्रकची किल्ली नेणार. आणि बर्फावर जाणं बंद. त्याचं ते तळ्यावरचं खोपटंही विकून टाकू. तो एकटा तिथे बसतो, भोकाशेजारी, कोण बघणार त्याच्याकडे?” मी हो म्हटलं होतं. मी म्हटलं होतं, अजून एक झालं तर.

आणि हे ते अजून एक होतं, खिडकीवर चालत.

मी फडक्याने तिन्ही माश्या टिपल्या. तेवढ्यात बाहेर सौनाच्या खोलीत काहीतरी धडाधड पडल्याचा आवाज आला. मी कोट चढवून गेले. ताउनोने कपाटातलं सगळं जमिनीवर काढलं होतं, जुने बूट, झारा, दोऱ्यांची रिळं, आणि तो रिकाम्या खिळ्यासमोर उभा होता. न्यू इयरपासून खोकल्याने घरात अडकला होता. आता छाती मोकळी झाल्यापासून त्याच्या पायाला भिंगरी लागली होती.

“माझी पिशवी कुणी नेली?” तो म्हणाला.

“कोण नेणार तुझ्या किड्यांची पिशवी?”

“इथेच होती. मी इथेच लावतो.”

“मग असेल इथेच.”

“इर्या, मी आंधळा नाही. खिळा आहे, पिशवी नाही.”

खरं बोलायची ती वेळ होती. ‘चुलीमागे आहे, तूच ठेवलीस,’ एवढंच म्हणायचं होतं. त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि मला ते जमलं नाही. तो खिळ्याकडे बघत होता आणि त्याचा अंगठा बोटांवरून फिरत होता, काहीतरी मोजल्यासारखा. मी म्हटलं, “शनिवारी ग्लेन येतोय, तोवर हा पसारा आवर,” आणि घरात पळाले.

घरात आल्यावर मी पिशवी चुलीत रिकामी केली. गाठी तडतडल्या. खिडक्या बंद, आणि मी चुलीसमोर उभी राहून स्वतःला सांगत होते की झाकली मूठ सव्वा लाखाची. पिशवी मात्र मी ठेवली, घडी करून, माझ्या लोकरीच्या टोपलीखाली.

त्या दिवशी मी एका जागी बसले नाही. पडद्यामागे बघ, दिव्यामागे बघ, कॅलेंडरमागे बघ. आधीच बाहेर पडलेल्या माश्या घरभर होत्या. एक साखरेच्या भांड्यावर, एक माझ्या चष्म्याच्या घरावर. मी टिपत होते आणि ताउनो विचारत होता, “आज कसली एवढी साफसफाई? पाद्री येतोय का?”

शुक्रवारी तो जेवून लवंडला तशी मी बर्फावर चालायचे रुंद जोडे बांधून जुन्या रेल्वेमार्गाकडे निघाले, रिकामी पिशवी कोटाच्या आत. लग्नानंतरची इतकी वर्षं त्या माळाला मी लांबूनच पाहिलं होतं. हिवाळा संपत आला की गाठी राहतातच किती? काड्या बर्फाखाली झोपलेल्या, उभ्या असलेल्या बऱ्याचशा मोडलेल्या. वारा तोंडावर. चष्म्यावर माझ्याच श्वासाची वाफ गोठली होती. मी गाठी हाताने मोडून पिशवीत टाकत गेले, काड्यांशी भांडत, ताउनोला शिव्या देत, आणि मध्येच मला रडू आलं. कुणी बघत नव्हतं म्हणून मी रडून घेतलं. मग परत आले आणि पिशवी खिळ्याला अडकवली.

संध्याकाळी ताउनो सौनाच्या खोलीतून आत आला तेव्हा त्याने पिशवी पाहिलेली असणारच. त्याने माझ्या ओल्या जोड्यांकडे पाहिलं, ते उचलून चुलीजवळ ठेवले आणि पेपर उघडला.

शनिवारी ग्लेन दुपारचा यायचा तो सकाळीच आला. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते खोटं नाही. त्याने दारात बूट झटकले तरी मला वाटलं हा काहीतरी शोधतोय. मी त्याला कॉफी दिली, वेलदोडा घातलेला निसू पाव कापला, मांस-बटाटा भरलेल्या पेस्टी ओव्हनमध्ये सारल्या आणि बोलत सुटले. शेजाऱ्यांची गाय, चर्चच्या छताची गळती, सूनबाईचा गुडघा. मी गप्प बसले तर माशीची चाल ऐकू येईल असं मला वाटत होतं.

“आई, जरा बस ना,” ग्लेन म्हणाला.

“बसून पेस्टी होतात का?”

“बाबा कसा आहे?”

“इथेच बसलाय, त्यालाच विचार,” ताउनो म्हणाला. “मी अजून मेलो नाही.”

“खोकला?”

“गेला. उद्या तळ्यावर जाणार.”

ग्लेनने माझ्याकडे पाहिलं. मी ओव्हनकडे पाहिलं. सगळं ठीक चाललं होतं. मी सगळे पडदे झटकले होते, सगळे कोपरे बघितले होते. फक्त पावाच्या टोपलीवरचं फडकं बघायचं राहिलं होतं.

त्या फडक्याच्या घडीतून माशी निघाली आणि टेबलावर आली. निसूच्या तुकड्याला वळसा घालून ती ग्लेनच्या कपाकडे चालली, पंख हलवत, कडेकडेने. नक्षी अगदी स्वच्छ दिसत होती. मी हातातलं फडकं उचललं, पण ग्लेनच्या डोळ्यांसमोर मारणार कशी? तो तिच्याकडेच बघत होता. हा मुलगा एके काळी अशा माश्यांनी भरलेल्या खोलीत झोपला होता. याला कोण फसवणार?

“लाकडातून आली असेल,” मी म्हटलं. “चुलीची लाकडं आत आणली की काहीही निघतं.”

ग्लेनने आधी माझ्याकडे पाहिलं, मग बापाकडे. ताउनो पावाला लोणी लावत होता.

“हो,” ग्लेन म्हणाला. “लाकडातूनच आली असेल.”

मला क्षणभर कळलंच नाही. हाच मुलगा किल्ली नेणार म्हणाला होता ना? त्याने कप उचलला, माशीला वाट करून दिली आणि माझी नजर चुकवून खिडकीबाहेर बघायला लागला. त्याचे कान लाल झाले होते. लहानपणी खोटं बोलताना व्हायचे तसे.

ताउनोने सुरी खाली ठेवली.

“तुम्हा दोघांना धड खोटं बोलता येत नाही,” तो म्हणाला. “आईला तर मुळीच नाही. थांबा.”

तो उठला, मोजे घातलेल्या पायांनीच सौनाच्या खोलीत गेला आणि पिशवी घेऊन आला. ती त्याने निसूच्या शेजारी टेबलावर ओतली.

“ही पिशवी माझी. गाठी हिच्या. मी चाकूने तिरपी काडी कापतो, दोन्हीकडे बोटभर देठ ठेवतो. ह्या बघ, गाजरं उपटल्यासारख्या. आणि ही बघ, ही बघ, हिला भोक, हिला भोक. निम्म्या सुतारपक्ष्याने आधीच खाल्ल्यात. बाईने थंडीत जाऊन रिकाम्या गाठी गोळा केल्या.”

“चष्म्यावर वाफ होती,” मी म्हटलं.

“वाफ होती,” तो म्हणाला आणि हसला. मग हसायचा थांबला. “घरभर माश्या, म्हणजे माझ्या गाठी मीच चुलीमागे ठेवल्या असणार. मला आठवत नाही, ग्लेन. मी काल सबंध दिवस आठवून पाहिलं. ही मला सांगेना, तेव्हा कळलं.”

ओव्हनमध्ये पेस्टीचा रस पत्र्यावर गळून जळायला लागला होता आणि मी उठले नाही.

“माश्या पाळणारा आता मी,” ताउनो म्हणाला. “हसायचं तर हसून घे, इतकी वर्षं माझं ऐकलंस.”

ग्लेन हसला नाही. त्याने हाताच्या पालथ्या पंजाने नाक पुसलं, एवढ्या मोठ्या माणसाने, आणि म्हणाला, “बाबा, माझ्या खोलीत यापेक्षा जास्त होत्या.”

ताउनोने खुंटीवरच्या कोटातून ट्रकची किल्ली काढली आणि त्याच्यासमोर ठेवली. कुणी मागितली नव्हती. “ही घे. हिचं मला फार वाटत नाही. पण बर्फावर जाणं तोडू नकोस माझं. घरात बसलो की मला वाटतं आतून काहीतरी निसटतंय आणि मी नुसता ऐकतोय. भोकाशी बसलं की तसं नाही वाटत. तिथे हाताला ठाऊक असतं काय करायचं.”

“एकटा नाही,” ग्लेन म्हणाला. “एकट्याने नाही जायचं, बाबा. मी दर आठवड्याला येऊ शकत नाही.”

“मग कोण येणार माझ्याबरोबर? शेजारी बसणारा आहती गेला. उरलेले सगळे फ्लोरिडात.”

ती किल्ली टेबलावर तशीच पडून राहिली.

इथे एक सांगायला हवं. मी ताउनोबरोबर बर्फावर एकदाच गेले आहे, नवी नवरी असताना. अळ्या हातात धरल्या तर थिजतात आणि थिजलेली अळी गळावर वळवळत नाही, म्हणून आमचे जुने लोक त्या खालच्या ओठाच्या आत धरतात, तंबाखू धरावी तशा. मला कुणी सांगितलं नव्हतं. माझ्या नवऱ्याने माझ्याशी गोड गोड बोलता बोलता ओठातून अळी काढून गळाला लावली आणि मी बादली तिथेच टाकून घरी चालत आले. बर्फ वितळेपर्यंत हे तोंड माझ्या तोंडाजवळ आणायचं नाही, असं मी त्याच दिवशी सांगितलं, आणि तो नियमही आमच्या घरात पाळला गेला. ग्लेनचा जन्म मार्चमधला आहे, हिशेब तुम्हीच करा.

“मी जाईन,” मी म्हटलं.

दोघांनी माझ्याकडे असं पाहिलं जसं काही ओव्हनच बोलला.

“तू?” ताउनो म्हणाला. “तू थंडीने कटकट करशील. मासे पळतील.”

“पळू देत.” मी किल्ली उचलून एप्रनच्या खिशात टाकली. “ट्रक मी चालवीन. आणि ग्लेन, खोपटं विकायचं नाव काढलंस तर तुला पेस्टी मिळायची नाही.”

“जळल्यात वाटतं, आई,” ग्लेन म्हणाला, आणि तेव्हा कुठे मी ओव्हनकडे धावले.

रविवारी चर्च बुडवून आम्ही तळ्यावर गेलो. ताउनोने सकाळीच गाठी निवडल्या होत्या, भोकं पडलेल्या चुलीत टाकल्या होत्या, उरलेल्या खिशात. खोपट्यात दोन उलट्या बादल्या, एक छोटी शेगडी. त्याने गिरमिट लावलं आणि बर्फात भोक पाडलं, दम खात खात, पण एकदाही चुकला नाही. झाऱ्याने बर्फाचा चुरा काढला. चाकूने गाठ चिरून अळी काढली, एक, मग दुसरी, तिसरी. मी बघत होते, आणि तीन दिवसांत पहिल्यांदा माझ्या छातीतलं धावणं जरा कमी झालं. त्याचे हात खरंच काही विसरले नव्हते.

मग तो थांबला. तळव्यावर अळ्या घेऊन बसून राहिला.

“काय झालं?” मी म्हटलं. “घाल तोंडात. मी बघत नाही.”

“तेच तर,” तो म्हणाला. “मला नाही ठेवता येत आता. ख्रिसमसच्या आधी इथे बसलो होतो, तेव्हा ओठात ठेवल्या आणि विसरलो. वर कॉफी प्यायलो. गिळल्या गं मी त्या.” तो माझ्याकडे बघत नव्हता. “दोनदा झालं. ग्लेनला सांगू नकोस.”

मला हसू आलं आणि लगेच गेलं. म्हणजे त्याला तेव्हापासून ठाऊक होतं. माझ्या आधी, ग्लेनच्या आधी, या भोकाशी एकटा बसून त्याला कळलं होतं, आणि तो घरी येऊन पेपर वाचत बसला होता.

त्याने तळवा माझ्यापुढे धरला.

“तू ठेव,” तो म्हणाला. “तू काही विसरत नाहीस.”

मी त्या अळ्यांकडे पाहिलं. थंडीने कडक झालेल्या, साबुदाण्यासारख्या पांढऱ्या. मी देवाचं नाव घेतलं, ताउनोच्या आईचंही घेतलं, जरा वेगळ्या कारणाने, आणि त्या उचलून खालच्या ओठाच्या आत ठेवल्या. चव कसलीच नव्हती. थोड्या वेळाने त्या हलायला लागल्या. तोंडात हलणारं काही असताना बोलता येत नाही, हे मला तेव्हा कळलं, आणि माझ्या नवऱ्याला मात्र आयुष्यभर येत होतं, याचं नवल वाटलं.

मी गप्प बसलेय असं त्याने फार वर्षांत पाहिलं नसावं. तो जरा वेळ माझ्याकडे बघत राहिला. मग भोकातल्या काळ्या पाण्याकडे वळला आणि बोलायला लागला.

“मला भीती वाटते, इर्या,” तो म्हणाला. “ट्रकची नाही, पिशवीचीही नाही. एक दिवस मी तुला विचारीन, बाई, तुम्ही कोण. त्या दिवशी तुझं ते डोकं फिरवून घेऊ नकोस. चालत घरी जाऊ नकोस बादली टाकून. माझ्याजवळ बस.”

मला खूप काही बोलायचं होतं. माझ्याकडे उत्तर नाही असं होत नाही. डोळ्यांतून पाणी आलं ते गालावरच थंड झालं. मी मान हलवली, मग त्याने पाहिलं नसेल म्हणून पुन्हा हलवली.

त्याने गळ हातात घेतला आणि न बघता दुसरा हात माझ्याकडे केला. मी ओठातून एक अळी काढून त्याच्या तळव्यावर ठेवली. ती गरम होती आणि जोरात वळवळत होती.